दहा हजार दिवसांची किल्ली

किल्ली करायची होती, पण कुलूप नव्हतं, दार नव्हतं आणि किल्लीवालाही नव्हता. होता तो स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा लॅपटॉप, शेजारी सुनेनं गोल गोल अक्षरात लिहून ठेवलेला कागद, आणि समोर घड्याळबाई. केस नीट विंचरून बसल्या होत्या, जणू लॅपटॉपच त्यांना बघायला येणार होता. दुपारचे अडीच वाजले होते. खिडकीतलं ऊन टेबलाच्या कडेपर्यंत येऊन तिथंच रेंगाळलं होतं, पाहुण्यानं दारात चपला काढाव्यात की नाही म्हणून घुटमळावं तसं.

घड्याळबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावानं हाक मारणारी आता एक अक्काच उरली होती. एकतीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वेळ सांगायच्या. आजच्या मुलांना हे थापा मारल्यासारखं वाटतं. पण तेव्हा घरोघरची घड्याळं आपापल्या मर्जीनं चालायची, आणि ज्याला नक्की वेळ हवी त्यानं तीन आकडी नंबर फिरवायचा. पलीकडून प्रश्न यायचा, "किती वाजले?" आणि घड्याळबाई सांगायच्या, "चार वाजून दहा मिनिटं." संपलं. ना ख्यालीखुशाली, ना एक शब्द जास्त. खोली लहान, खिडकी नसलेली, भिंतीवर कपाटाएवढं घड्याळ आणि कानात सबंध गाव. कुणी गाडी गाठायच्या घाईत, कुणी घरात नुकतं बाळ जन्मलं म्हणून, कुणी काहीच कारण नसताना. डोळे मिटून ऐकलं की वाटायचं, आपण विहिरीच्या तळाशी बसलो आहोत आणि वरून एकेक जण वाकून तोच एक प्रश्न विचारतो आहे.

त्या एकतीस वर्षांत घड्याळबाई एकदाही खोकल्या नाहीत. हे मी कौतुकानं सांगत नाही. तसा अहवाल होता.

तर आता किल्ली कशाला, ते सांगते.

अक्का म्हणजे घड्याळबाईंची थोरली बहीण, वय एकोणऐंशी, मुक्काम परगावी. तिच्या डोळ्याच्या पडद्याला भोक पडलं होतं. ऑपरेशन सोपं आहे, डॉक्टर म्हणाले. अवघड ते नंतरचं. दहा दिवस पालथं पडून राहायचं. तोंड खाली, नजर फरशीवर, मान वर करायची नाही.

"अगं, फरशीवर कुणी घड्याळ लावतं का?" अक्कानं फोनवर विचारलं होतं. "मला कळणार कसं किती वाजले ते? दर पाच मिनिटांनी विचारत बसले तर नर्स मला उताणी करून बडवेल. तू सांग ना. तुझ्या आवाजात ऐकलं की मला पटतं."

हे ऐकून सुनेनं, जी कॉम्प्युटरमध्येच असते, दोन रविवार घालवून एक ॲप केलं. पडद्यावर कुठंही बोट टेकवलं की घड्याळबाई वेळ सांगणार. त्यासाठी आतल्या खोलीत कपड्यांच्या कपाटात तोंड घालून घड्याळबाईंनी बारा तास आणि एकोणसाठ मिनिटं असे एकाहत्तर तुकडे बोलून दिले. सगळं झकास झालं. फक्त ते अक्काच्या फोनमध्ये जाईना. अक्काच्या मुलानं तिचा फोन असा बांधून ठेवला होता की ॲप स्टोअरखेरीज दुसरीकडून आलेली वस्तू तो उंबऱ्यावरच अडवायचा. त्याचंही चूक नव्हतं. अक्का आलेल्या प्रत्येक अनोळखी मेसेजला उत्तर द्यायची, "आपण कोण? जेवलात का?"

म्हणजे ॲप रीतसर स्टोअरमध्ये जायला हवं. आणि तिथं सुनेचे हात बांधलेले. तिच्या कंपनीच्या करारात लिहिलेलं, की ती जे काही स्वतःच्या नावानं प्रसिद्ध करील ते कंपनीचं.

"माझ्या नावानं टाकलं, आई, तर तुमचा आवाज कंपनीच्या मालकीचा होईल."

"म्हणजे मी टाकायचं?"

"तुम्हीच. मालक तुम्ही, प्रकाशक तुम्ही. मी पेटी बांधून देईन, मोहोर तुम्ही मारायची."

"आणि हे काय करतील?"

"बाबा बघतील," सून म्हणाली.

हे बाबा तिथंच बसले होते. घरात त्यांना 'अहो' म्हणतात, आपणही तेच म्हणू. अहो चाळीस वर्षं नकाशे काढायच्या कचेरीत होते. गावांच्या हद्दी त्यांच्या हातातल्या टाकानं ठरत. अशा माणसाला नुसतं बघायला सांगणं बरं नव्हे. अहोंनी वर्तमानपत्र जरा मोठ्यानं उलटलं, इतकंच.

मोहोरेचं प्रकरण सुनेनं निघण्यापूर्वी समजावून सांगितलं, कारण तिला कामासाठी तीन आठवडे बाहेरगावी जायचं होतं आणि मुलगा तर बोटीवरच असतो. ॲपची फाइल म्हणजे बांधलेली पेटी. तिच्यावर पूर्वी पार्सलावर लाखेची मोहोर असायची तशी एक मोहोर उठवायची. ती उठते एका किल्लीनं. किल्ली म्हणजे पुन्हा एक फाइल, आणि ती पासवर्डानं बंद. स्टोअर तुम्हाला ओळखत नाही, तुमची मोहोर ओळखतं. पुढं काही दुरुस्ती करून नवी पेटी पाठवली तर मोहोर तीच हवी, नाहीतर ती परत.

"म्हणून पासवर्ड विसरायचा नाही," सुनेनं तीनदा सांगितलं आणि कागदावर त्याखाली दोन रेघा मारल्या.

अशा रीतीनं त्या दुपारी घड्याळबाई किल्ली करायला बसल्या. बातमी जिन्यातून वरखाली गेलेली असल्यामुळे दुसऱ्या मजल्यावरचे विमेवाले आणि समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिका हेही 'सहज' आले होते.

लॅपटॉप प्रश्न विचारू लागला. नाव विचारलं, ते दिलं. विभाग विचारला.

"विभाग काय लिहू?"

"स्वयंपाकघर," अहो म्हणाले.

"वेळ लिहा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "विभाग, वेळ. नेमकं आणि सुटसुटीत."

गावाचं नाव विचारलं, देशाची दोन अक्षरं विचारली, सगळं दिलं. मग त्यानं विचारलं, किल्ली किती दिवस चालावी? सुनेनं कागदावर लिहिलेलं होतं: दहा हजार.

विमेवाले खुर्चीतून अर्धे उठले. "दहा हजार? वहिनी, थांबा. दहा हजार दिवस म्हणजे सत्तावीस वर्षं आणि वर काही महिने. तुमचं वय?"

"चौऱ्याहत्तर."

"एकशे एक!" विमेवाल्यांचा आवाज चिरकला. "आमची एकही कंपनी देणार नाही. साखर, रक्तदाब, काही विचारलं का यानं?"

"नाही."

"डॉक्टरचा दाखला?"

"नाही हो. नुसतं किती दिवस म्हणाला."

विमेवाले परत खुर्चीत टेकले. आयुष्यभर ज्या माणसानं दुसऱ्यांच्या वर्षांना कात्री लावली, त्याच्यासमोर कुणीतरी काही न विचारता सत्तावीस वर्षं देऊन टाकावीत, याचा धक्का मोठाच. घड्याळबाईंना मात्र आतून गुदगुल्या झाल्या. त्यांनी एकाच्या पुढं चार शून्यं अगदी सावकाश टेकवली. एकशे एकाव्या वर्षी आपण काय करत असू, हे त्यांना क्षणभर दिसलंसुद्धा: असंच ऊन, असंच टेबल, आणि कुणीतरी विचारतंय किती वाजले.

मग पासवर्ड. आणि इथं घड्याळबाईंनी ती गोष्ट केली, जी एक्स्चेंजच्या माणसाखेरीज कुणी केली नसती.

तिथल्या त्या भिंतीवरच्या घड्याळाला कपाट होतं आणि कपाटाला चार आकड्यांचं कुलूप. पहिले दोन आकडे एकीला ठाऊक, पुढचे दोन दुसरीला. काटे हलवायचे असले की दोघींनी यायचं. एकीनं आपले आकडे लावायचे, तोवर दुसरीनं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. सबंध गावाची वेळ एकट्या माणसाच्या हाती नको, असा नियम होता. घड्याळबाईंना तो नियम फार आवडे. त्यांच्या मते जगातली बरीचशी दुःखं तो न पाळल्यामुळे झाली आहेत.

"अहो, या इकडे," त्या म्हणाल्या. "अर्धा पासवर्ड माझा, अर्धा तुमचा. माझा मी कुणाला सांगणार नाही, तुमचा तुम्ही मलाही सांगायचा नाही."

वर्तमानपत्र खाली आलं. "मी बघायचं ना फक्त?"

"या म्हणते ना."

अहोंनी चष्मा पुसला, बाह्या सारख्या केल्या. घड्याळबाईंनी आपला अर्धा भाग टाइप केला, मग भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मुख्याध्यापिका आणि विमेवाले यांनाही त्यांनी वळवलं. चौघांतले तिघं फ्रीजकडे बघत उभे, आणि अहो एका बोटानं एकेक कळ दाबताहेत. अक्षरं पडद्यावर दिसत नाहीत, म्हणून त्यांनी बहुतेक मनात म्हणत म्हणत लिहिलं, कारण एकदा ते हळूच हसले.

किल्ली झाली. पेटीवर मोहोर उठली. पेटी स्टोअरला गेली. त्या दिवशी चहा अहोंनी केला.

दोन दिवसांनी स्टोअरचं पत्र आलं. आपले ॲप अधिकृत वेळ सांगणाऱ्या सरकारी सेवेची नक्कल करीत असल्याचे आढळले. परवानगी असल्यास जोडावी.

"नक्कल?" घड्याळबाई म्हणाल्या. "मी माझी नक्कल करते?"

त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि एक्स्चेंज गाठलं. तिथं आता बिलांच्या तक्रारी घेतात. जुन्या खोलीची भिंत पाडून मोठा हॉल केला आहे, पण जिथं घड्याळ होतं तिथं अजून कपाटाएवढा फिकट चौकोन आहे, कितीही रंग दिला तरी वर येणारा. त्याच्या बरोबर खाली एक साहेब बसले होते.

साहेबांनी जुनी फाइल मागवली. "ऑपरेटर, श्रेणी दोन. हे तुम्ही, ठीक. पण आवाज तुमचाच कशावरून?"

"कशावरून म्हणजे?"

"म्हणजे फाइलमध्ये फोटो आहे, सही आहे. आवाज नाही."

घड्याळबाईंचा चेहरा लाल झाला. एकतीस वर्षं ज्या गावाच्या कानात आपण बोललो, त्या गावानं आता पुरावा मागावा! काहीतरी टाकून बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण समोर तो फिकट चौकोन होता. त्यांची पाठ आपोआप ताठ झाली, नजर मनगटाकडे गेली, आणि तोंडातून आलं ते वेगळंच.

"अकरा वाजून बावीस मिनिटं."

हॉलमधली कुजबुज थांबली. तक्रारींच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे हात मनगटांकडे गेले. साहेबांनी स्वतःचं घड्याळ काढलं, दोन मिनिटं पुढं केलं, पुन्हा बांधलं, आणि मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं.

"आई मला फोनच्या स्टुलावर उभं करून ऐकवायची," ते एकदम लहान आवाजात म्हणाले. "शाळेच्या आधी."

पत्र तिथल्या तिथं मिळालं. 'सदर आवाज सदर बाईंचाच असल्याबद्दल निम्नस्वाक्षरीकर्त्याने समक्ष ऐकून खात्री केली आहे.' खाली शिक्का. घड्याळबाई घरी चालत आल्या, पण पाय जमिनीला लागल्याचं त्यांना आठवत नाही.

सोमवारी ॲप स्टोअरमध्ये आलं. अक्काचं ऑपरेशन गुरुवारी. सगळं कसं वेळेवर. सोमवारी आख्ख्या इमारतीनं ते आपापल्या फोनमध्ये घेतलं आणि जिन्यात जो भेटेल तो घड्याळबाईंच्या तोंडावर त्यांचाच आवाज वाजवून दाखवू लागला. मंगळवारी सकाळी विमेवाले दारात उभे राहिले. मिशीत हसू दाबलेलं.

"वहिनी, आता बरोबर दहा सतरा होतील. ऐका हं."

त्यांनी बोट टेकवलं. "दहा वाजून सतरा मिनिटं," ॲपमधल्या घड्याळबाई म्हणाल्या, घासून लख्ख केलेल्या भांड्यासारख्या आवाजात. आणि त्याच्या पाठोपाठ, लांबून, पण अगदी स्पष्ट: "अगं, माझा चष्मा पाहिलास का?"

घड्याळबाईंनी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला.

हे सुटलं कसं, असं तुम्ही विचाराल. घड्याळबाईंनी एकाहत्तर तुकडे तीनतीनदा ऐकले होते. पण खोलीतले बाकीचे आवाज ऐकायचेच नाहीत, अशी त्यांच्या कानांना नोकरीतली सवय. शिवाय अहोंचा हा प्रश्न त्या घरात भिंतींच्या रंगासारखा होता; असतो, पण दिसत नाही. सुनेनंही कानात घालून सगळं तपासलं होतं, पण तिलाही या घरात येऊन बारा वर्षं झालेली.

आता दर तासाला एकदा, दिवसातून चोवीस वेळा, अहोंचा चष्मा हरवणार होता. आणि तेही अक्काच्या उशाशी! एकतीस वर्षं खोकला आला तरी गिळला तो यासाठी?

घड्याळबाईंनी अहोंना गच्चीवर पाठवलं, दारखिडक्या लावल्या आणि 'सतरा मिनिटं' नव्यानं बोलल्या. जुना तुकडा स्वतः पुसला. पुसला गेला ना, म्हणून पुन्हा बघितलं. सुनेनंही तिकडे जुन्यावर नवा बसवला. बुधवारी सकाळी दुरुस्त पेटी आली. उरली फक्त मोहोर.

घड्याळबाईंनी आपला अर्धा पासवर्ड टाइप केला आणि फ्रीजकडे तोंड केलं. मागं टक टक टक. लॅपटॉप म्हणाला, चूक. पुन्हा टक टक. चूक. तिसऱ्यांदाही चूक.

"आठवत नाही," अहो म्हणाले.

"आठवत नाही म्हणजे?"

"म्हणजे आठवत नाही. माणूस आहे. वय झालंय."

"चाळीस वर्षांपूर्वीच्या नकाशातला ओढा कुठं वळतो ते तुम्हाला आठवतं, आणि पंधरा दिवसांपूर्वीचा अर्धा शब्द आठवत नाही?"

"ओढा दिसायचा. हा शब्द दिसलाच नाही, नुसते ठिपकेसुद्धा नव्हते."

सुनेला फोन केला. तिनं तिकडे कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. स्टोअरला अर्ज करता येईल, ती म्हणाली, नवी किल्ली मंजूर करून घेता येईल, पण आठ-दहा दिवस सहज. तोवर अक्का उठूनही बसेल. घड्याळबाईंनी घाईघाईनं अक्काच्या मुलाला फोन लावला, की बाबा रे, थांब, ते ॲप टाकू नकोस. तो म्हणाला, "मावशी, कालच टाकलं. आईनं बॅगेत सगळ्यात वर फोन ठेवलाय."

गुरुवारी ऑपरेशन झालं. नीट झालं. घड्याळबाईंना हायसं वाटलं आणि लगेच लाजही वाटली: तिकडे अक्का फरशीकडे तोंड करून पडली असेल, आणि आपण वेळ सांगितली की पाठोपाठ हे तिला चष्मा विचारत असतील.

इकडे अहोंचं बरं चाललं होतं. भाजी आणायला गेले की लोक विचारत, "काका, सापडला का?" मुख्याध्यापिकांनी तर तो उच्चार स्वच्छ असल्याचा शेरा दिला होता. अहो अलीकडे जिन्यानं जरा सावकाश उतरत, भेटणाऱ्याला वेळ मिळावा म्हणून. घड्याळबाईंनी हे पाहिलं आणि त्यांचा संशय पक्का झाला. त्या भांडल्या नाहीत. त्यांनी नुसती नोकरी पुन्हा सुरू केली.

"आज जेवायला काय आहे?" अहोंनी विचारलं.

"बारा वाजून चाळीस मिनिटं," घड्याळबाई म्हणाल्या.

"अगं, दूध आलं का?"

"सात वाजून पाच मिनिटं."

असे दोन दिवस गेले. शनिवारी दुपारी, ऊन टेबलावर अर्धं चढलेलं असताना, अहो समोर येऊन बसले.

"आठवतोय मला," ते म्हणाले. "आठवतच होता."

घड्याळबाईंनी लॅपटॉप उघडला.

"मी कचेरीतून फोन करायचो तुला, माहितीय? तीन आकडी नंबर. वेळ काय, आमच्याकडे घड्याळं होती. तुझा आवाज ऐकायला करायचो. आणि तू मलाही तेच. 'चार वाजून दहा मिनिटं', खट्."

"नियम होता."

"माहितीय नियम होता. एकतीस वर्षं सगळं गाव तुला ऐकत होतं. मी कुणी ऐकलंय? मी रेघा मारल्या. त्या मुक्या असतात. एकदाच, चुकून, माझं एक वाक्य बाहेर गेलं, तर तू दारं लावून ते पुसायला बसलीस."

लॅपटॉपचा पंखा आपल्याशीच घुंघुं करत होता.

"मी ओळखायची तुम्हाला," घड्याळबाई म्हणाल्या. "किती वाजले विचारायच्या आधी तुम्ही श्वास घ्यायचात, त्यावरून. तुमच्या फोनला मी मिनिटं सावकाश सांगायची. नियमात तेवढंच बसत होतं."

अहोंनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाले, "वळ भिंतीकडे."

"आता सांगा की काय आहे ते."

"नियम आहे," अहो म्हणाले.

मोहोर उठली. दुरुस्त पेटी गेली, आणि सोमवारी ती आपोआप सगळ्यांच्या फोनमध्ये उतरली. घड्याळबाईंनी दहा सतराला स्वतः बोट टेकवून ऐकलं. स्वच्छ. चूक नाही, खोकला नाही, कुणीच नाही.

मंगळवारी अक्काचा फोन आला. उशीला मध्ये खळगा असतो, त्यातून खाली बोलत असल्यामुळे आवाज जमिनीखालून आल्यासारखा येत होता.

"सतराचं काय केलंस गं?"

"अक्का, चुकून राहिलं होतं ते. दुरुस्त केलं."

"तुला कुणी सांगितलं होतं दुरुस्त करायला?" अक्का कडाडली. पालथं पडूनही ती थोरलीच होती. "इथं दिवसभर फरशी बघतेय मी. तीही धूसर. तुझा आवाज ऐकला की बरं वाटतं, नाही कोण म्हणतं. पण तू वेळ सांगतेस आणि गप्प होतेस, जन्माची खोड तुझी. सतराला भाऊजी विचारायचे, तेवढंच कुणीतरी माझ्याशी बोलायचं. मी उत्तर द्यायचे. डोक्यावर बघा, फ्रीजवर बघा, मोरीत बघा. शेजारच्या पलंगावरची बाईही पालथीच आहे, तीही सांगायला लागली. नर्स सतराला मुद्दाम येऊन उभी राहायची. पैज लागायची आमची, आज कुठं सापडतो म्हणून. आणि काल सगळ्या जणी थांबलो, तर तुझं नुसतं 'सतरा मिनिटं'. ती शेजारची रडकुंडीला आली गं."

घड्याळबाईंच्या घशात काहीतरी आलं. त्यांनी ते गिळलं नाही. चांगलं मोठ्यानं खाकरल्या.

"अजून पाच दिवस काढायचेत मला," अक्का म्हणाली. "बघ काय ते."

जुना तुकडा कुठंच नव्हता. सासूही नेटकी, सूनही नेटकी, तोच घोळ. म्हणजे पुन्हा बोलणं आलं. अहोंना सांगितलं तेव्हा ते आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले. गरम पाण्याच्या गुळण्या केल्या. मुख्याध्यापिकांना बोलावणं गेलं. विमेवाले न बोलावता आले.

"सतरा मिनिटं," घड्याळबाई कपाटात तोंड घालून म्हणाल्या.

"अगं!" अहो दारातून गरजले. "माझा... चष्मा... पाहिलास का?"

"राजा सिंहासन मागतोय असं वाटतं," विमेवाले म्हणाले.

"'माझा'वर जोर नको," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "'चष्मा'वर द्या."

'चष्मा'वर दिला. 'पाहिलास'वर दिला. एकदा कुठंच दिला नाही, तर ते शोकसभेसारखं झालं. अकरा वेळा झालं आणि अकराही वेळा ते ऐकून कुणालाही उठून चष्मा शोधावासा वाटला नाही. अहोंचा चेहरा उतरत चालला होता. नाकावर चष्मा असताना चष्मा विचारायचा, म्हणजे अवघडच.

"राहू दे," घड्याळबाई म्हणाल्या. "उद्या बघू. तुम्ही जरा पडा."

शेजारी गेले. अहोंनी इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला, चष्मा वर्तमानपत्रावर ठेवला आणि तोंड धुवायला गेले. ऊन आता टेबल ओलांडून भिंतीवर चढलं होतं. घड्याळबाई उठल्या. आवाज न करता वर्तमानपत्रावरून त्यांनी चष्मा उचलला, आतल्या खोलीत आल्या, कपाटाचं दार उघडून बसल्या आणि चष्मा मांडीवर ठेवला. काचा अजून उबदार होत्या. त्यांनी फोनचं बटण दाबलं.

बाहेर नळ बंद झाला. पावलं आली. खुर्ची सरकली, वर्तमानपत्र उचललं गेलं, खाली ठेवलं गेलं, पुन्हा उचललं गेलं. एक खण उघडला. दुसरा उघडला. घड्याळबाईंची पाठ ताठ झाली. बाहेर एक लांब श्वास घेतल्याचं ऐकू आलं, आणि तो त्यांच्या ओळखीचा होता.

"सतरा मिनिटं," त्या जरा सावकाशच म्हणाल्या.

"अगं, माझा चष्मा पाहिलास का?"

घड्याळबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. उत्तर अक्कानं द्यायचं होतं.